पखाल आणि बिगुल : सॅम जाफेच्या भूमिका

ज्या बोलपटाने कालीमातेच्या उपासनेला खुनी टोळ्यांचा धर्म ठरविले, त्या बोलपटातील एका नटाची थोरवी ह्या पृष्ठांवर सांगावयाची म्हणजे कित्येक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. देवीच्या पालखीला ज्याने खांदा दिला आहे, नवरात्रात मखरापुढे जो हात जोडून उभा राहिला आहे, त्याला ‘गंगा दीन’ हे नाव प्रिय वाटण्याचे काही कारण नाही. तरीही आम्ही त्याच नावापासून आरंभ करीत आहोत. सॅम जाफे ह्या नटाच्या पन्नास वर्षांच्या चित्रपट-कारकीर्दीचा विचार त्या एका भूमिकेला बगल देऊन करता येत नाही. आणि बगल न देता केला, म्हणजे नटाचे कौशल्य व नटाची जबाबदारी ह्यांविषयीचे आपले काही सोपे समज डळमळू लागतात.

हॉलिवुडमध्ये ज्याला कॅरॅक्टर अ‍ॅक्टर म्हणतात, त्याला आपल्याकडे चरित्रनट असा शब्द रूढ आहे. शब्द फारसा समाधानकारक नाही, पण त्यामागची कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या देवळांच्या उत्सवांत होणाऱ्या नाटकांतून ही विभागणी आपण पाहतोच. नायकाचे काम देखण्या व गोड गळ्याच्या तरुणाकडे जाते. कण्व, विदुर, कंचुकी किंवा घरचा म्हातारा चाकर ही कामे बहुधा शाळेच्या मास्तरांकडे येतात. दुसऱ्या दिवशी गाव नायकाच्या पदांविषयी बोलतो. प्रयोग मध्येच कोसळू दिला नाही तो मास्तरांनी, ही गोष्ट रंगपटात बसणाऱ्यांनाच ठाऊक असते. सॅम जाफे हा असाच मास्तर होता, आणि तोही शब्दशः.

त्याचा जन्म १० मार्च १८९१ रोजी न्यूयॉर्क शहराच्या लोअर ईस्ट साइड ह्या गजबजलेल्या वस्तीत, रशियन साम्राज्यातील युक्रेनमधून आलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. आई यिडिश रंगभूमीवर काम करणारी. तिच्याबरोबर लहान वयातच त्याने रंगमंच पाहिला, परंतु लगेच नट होण्याच्या मागे तो लागला नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून १९१२ साली पदवी घेऊन तो ब्रॉंक्समधील एका शिक्षणसंस्थेत गणित शिकवू लागला. नाटकात शिरला तो १९१५ च्या सुमारास, आणि पुढली वीस वर्षे त्याने रंगभूमीवरच काढली. शालोम आशचे ‘गॉड ऑफ व्हेंजन्स’ हे नाटक १९२३ साली ब्रॉडवेवर आले व अश्लीलतेच्या आरोपावरून नाटकमंडळीला न्यायालयाची पायरी चढावी लागली, त्या संचात जाफे होता. १९३० साली ‘ग्रँड हॉटेल’ नाटकात क्रिंगेलाइन ह्या मरणासन्न कारकुनाचे काम त्याने केले. आयुष्यभराची पुंजी घेऊन बर्लिनच्या सर्वांत महागड्या हॉटेलात चार दिवस राहावयास आलेला हा हिशेबनीस हीच त्याची रंगभूमीवरील सर्वांत गाजलेली भूमिका. नाटकाचा बोलपट निघाला तेव्हा मात्र ती भूमिका लायोनेल बॅरिमोरला मिळाली. चरित्रनटाच्या वाट्याला हे यावयाचेच.

पडद्यावर तो आला तेव्हा त्याने त्रेचाळिशी गाठली होती. जोसेफ फॉन स्टर्नबर्गच्या ‘द स्कार्लेट एम्प्रेस’ (१९३४) ह्या चित्रपटात मार्लीन डीट्रिखच्या कॅथरीनचा अर्धवट वेडा नवरा, ग्रँड ड्यूक पीटर, हे त्याचे पहिले काम. विस्फारलेले डोळे, अकारण हसू, खेळण्यातल्या शिपायांत रमलेले मन. अनेक समीक्षकांनी ह्या भूमिकेचे कौतुक केले आहे. आमचे मत थोडे वेगळे आहे. स्टर्नबर्गने राजवाडाच असा विक्राळ पुतळ्यांनी भरून टाकला होता की, त्यांत आणखी एक विक्राळ चेहरा मिसळून गेला. तेथे जाफेचा अभिनय दिसतो, माणूस दिसत नाही.

माणूस दिसला तो तीन वर्षांनी. फ्रँक काप्राच्या ‘लॉस्ट होरायझन’ (१९३७) ह्या चित्रपटात तिबेटच्या पर्वतराजीत दडलेल्या शांग्री-ला ह्या स्थानाचा प्रमुख लामा त्याने रंगविला. वय दोनशे वर्षांच्या वर. जाफे त्या वेळी जेमतेम पंचेचाळिशीचा. वृद्धाची भूमिका करणारा कोणताही नट प्रथम कंप आणतो, हात थरथरवितो, मान हलवितो; आपल्या रंगभूमीवरही भीष्म म्हटला की दाढी व कंप ही जोडी ठरलेली असते. जाफेने ह्यांतले काहीच केले नाही. अर्धवट अंधारात तो जवळजवळ निश्चल बसतो. हालचाल सगळी आवाजात आहे, आणि तो आवाज थकलेला नसून निवलेला आहे. ह्या म्हाताऱ्याला घाई करण्याचे कारण उरलेले नाही. बाहेरच्या जगावर येऊ घातलेल्या विनाशाविषयी तो रोनाल्ड कोलमनच्या कॉनवेशी बोलतो, तेव्हा धमकी किंवा शोक ह्यांपैकी काहीही त्याच्या सुरात नसते. पाऊस येणार असे शेजाऱ्याने सांगावे, तसे तो सांगतो. दुसरे महायुद्ध दोन वर्षांवर होते. आजही तो प्रसंग अंगावर काटा आणतो, त्याचे श्रेय संवादांपेक्षा त्या सुराला आहे.

येथेच एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. हा लामा तिबेटी नाही. तो युरोपातून शेकडो वर्षांपूर्वी वाट चुकून आलेला ख्रिस्ती धर्मोपदेशक आहे. कॉनवेला त्याचा तोडलेला पाय दिसतो व ओळख पटते. म्हणजे हिमालयाच्या कुशीतही ज्ञानी पुरुष हवा तर तो युरोपचाच हवा, ही कल्पना लेखक-दिग्दर्शकांना इतकी स्वाभाविक वाटली की, ती सिद्ध करण्याची गरजही त्यांना भासली नाही. पौर्वात्य माणसाला त्या जगात कोणती जागा होती, हे पाहावयाचे असेल तर पुढल्याच मोठ्या भूमिकेकडे वळावे.

‘गंगा दीन’ जानेवारी १९३९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स. नायक कॅरी ग्रँट, व्हिक्टर मॅक्लॅग्लेन व धाकटा डग्लस फेअरबँक्स. आमच्याच मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगच्या एका कवितेचे नाव घेऊन व तिच्यातला पखालवाला उचलून बाकी सगळे कथानक नव्याने रचलेले होते. कॅलिफोर्नियातील लोन पाइन गावाजवळच्या टेकड्यांना वायव्य सरहद्द बनविले होते. त्या सरहद्दीवर ठगांची टोळी, तिचा इटालियन नट एदुआर्दो चानेल्ली ह्याने केलेला गुरू आणि सोनेरी घुमटाचे काली-मंदिर. कालीच्या पूजेविषयी जे दाखविले आहे ते इतिहासाला धरून आहे, अशी ग्वाही चित्रपटाच्या आरंभीच अक्षरांत दिलेली आहे. इतिहास असा की, स्लीमनने ठगांचा बंदोबस्त केला तो १८३० च्या दशकात व प्रामुख्याने मध्य हिंदुस्थानात. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आमच्या वाचकांना तो मुलूख पायाखालचा आहे. त्या ठगांत मुसलमानही पुष्कळ होते. तो सगळा प्रकार अर्धे शतक पुढे व शेकडो कोस वायव्येला ढकलून देवीच्या माथी मारला, आणि त्यावर इतिहासाचा शिक्का उठविला.

हिंदुस्थानात ह्याची प्रतिक्रिया उमटल्यावाचून राहिली नाही. आदल्याच वर्षी, १९३८ साली, ‘द ड्रम’ ह्या तशाच इंग्रजी बोलपटाविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली होती. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल ह्यांनी अशा चित्रपटांविरुद्ध लेखणीचा आसूडच उगारला होता, आणि ख्वाजा अहमद अब्बास ह्यांनीही ‘गंगा दीन’वर त्याच मासिकातून प्रहार केला. मुंबई व बंगाल प्रांतांत चित्रपट दाखविण्यास बंदी झाली. तो विरोध योग्य होता, असे आम्हांला आजही वाटते.

परंतु विरोध करणाऱ्यांनी जाफेच्या कामाविषयी फारसे काही लिहिले नाही. आणि ज्यांनी नंतर चित्रपटाची वाखाणणी केली त्यांनी देवीच्या विटंबनेविषयी लिहिले नाही. दोन्ही बाजूंनी मधली जागा रिकामीच ठेवली. वस्तुतः विचार करण्याजोगे जे आहे, ते तेथेच आहे.

ह्या भूमिकेसाठी प्रथम म्हैसूरचा साबू हवा होता. तो मिळाला नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या जाफेने अंगाला रंग फासला, धोतर गुंडाळले, पागोटे चढविले. इतके सांगितल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते विडंबनच. पण चित्रपट पाहताना विडंबन दिसत नाही, आणि हीच अडचण आहे. एका प्रसंगात गोरे शिपाई कवाईत करीत असताना हा पाणक्या दूर एकटाच त्यांची नक्कल करताना कॅरी ग्रँटच्या कटरला सापडतो. प्रेक्षकांनी हसावे म्हणूनच तो प्रसंग घातलेला आहे. उघड्या अंगाचा, वाकलेल्या खांद्यांचा माणूस ताठ उभा राहण्याची शिकस्त करतो. कटर त्याला सलाम कसा ठोकावा हे अर्धवट चेष्टेने शिकवितो. जाफे चेष्टा ओळखत नाही, किंवा ओळखूनही ती गिळतो. त्याच्या डोळ्यांत त्या क्षणी मास्तरासमोर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याची एकाग्रता आहे. आयुष्यभर ज्याला रांगेच्या बाहेर उभे केले, त्याला कोणी तरी रांगेत उभे राहावयास सांगितले आहे. त्याने जपून ठेवलेले बिगुल कटर त्याच्याकडेच राहू देतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद कोणत्याही साम्राज्याचा नाही. तो शाळेत प्रथमच पाटी मिळालेल्या पोराचा आहे.

हे त्याला कोठून सुचले? सुचण्यासाठी त्याला फार दूर जावे लागले नसावे. परदेशातून आलेल्या, भाषा निराळी, देव निराळा, नाव निराळे अशा माणसांच्या वस्तीत तो वाढला होता. आपणही ह्यांच्यातलेच आहोत असे एकदा कोणी तरी म्हणावे, ही तहान त्याने घरीदारी पाहिली असेल. हा आमचा तर्क आहे. भूमिका पाहून मात्र तो करावासा वाटतो.

आणि शेवट. मंदिरात तिघे सार्जंट अडकले आहेत, खाली त्यांची पलटण बेसावध चालत येत आहे. संगिनीचा घाव लागलेला गंगा दीन सोनेरी घुमटावर रांगत चढतो, बिगुल वाजवून पलटणीला सावध करतो आणि गोळी लागून कोसळतो. त्याला मरणोत्तर कॉर्पोरलचा हुद्दा मिळतो. अखेरच्या दृश्यात त्याची प्रतिमा इंग्रजी शिपायाच्या संपूर्ण गणवेशात, सलाम करीत, हसत पडद्यावर तरळते. उलट ज्या गुरूला चित्रपटाने राक्षस ठरविले, त्याच्या तोंडी मात्र मरण्यापूर्वी आपल्या देशासाठी प्राण देण्याची भाषा घातली आहे, आणि तो सर्पांच्या विवरात उडी घेतो. मुंडन केलेले डोके, उघडे अंग, ओठांवर देशाचे नाव. १९३९ साली त्या आकृतीवरून कोणाची आठवण होत असेल, हे सांगावयास नको. देशभक्त तो खुनी आणि देशाविरुद्ध बिगुल फुंकणारा तो हुतात्मा, असा हा न्याय आहे.

नाझी राजवटीमुळे परागंदा झालेला जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त ह्याने हा चित्रपट पाहिला व त्याविषयी एके ठिकाणी लिहून ठेवले आहे. हिंदी लोक असे नाहीत, त्यांची संस्कृती प्राचीन व थोर आहे, आणि हा गंगा दीन आपल्याच देशबांधवांचा घात करतो आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही आपण योग्य जागी हसलो, आपले अंतःकरण हेलावले, टाळ्या वाजवाव्यात असे आपल्याला वाटले, अशी कबुली त्याने दिली. प्रेक्षकाला कथेत वाहवू न देता विचार करावयास लावणारे नाटक ज्याने आयुष्यभर मांडले, त्याची ही कबुली आहे. ती त्याच्याकडून कोणी वदविली? कॅरी ग्रँटच्या उड्यांनी नव्हे, आणि खोट्या मंदिरानेही नव्हे. जाफेच्या डोळ्यांनी वदविली.

म्हणून आमचा निवाडा असा. जाफेने ही भूमिका वाईट केली असती, तर ‘गंगा दीन’ हा एक अज्ञानमूलक, पोरकट व विसरून जाण्याजोगा बोलपट ठरला असता. देवीची विटंबना करणारे चित्रपट पुष्कळ निघाले. त्यांतले बहुतेक कोणाला आठवतही नाहीत. हा टिकला, कारण त्याच्या मध्यभागी एक खरा माणूस आहे. आणि खऱ्या माणसाच्या पायी भोवतालचे खोटे जगही खरे वाटू लागते. विष तेच, पण ते दुधातून दिले गेले. दुधाला नासके म्हणावे असे आम्हांला वाटत नाही, आणि म्हणून ते प्यावे असेही वाटत नाही. ‘तो तर केवळ नट, पोटासाठी काम करतो’ असे म्हणून त्याला सोडून देणारे नटाचा अपमान करतात. आणि त्याला देवीचा शत्रू ठरविणाऱ्यांनी त्याची पुढली भूमिका पाहिलेली नसते.

ती भूमिका पाहण्यापूर्वी वीस वर्षांचा प्रवास आहे, आणि त्यातले १९५० हे वर्ष विलक्षण आहे. त्या वर्षी जॉन ह्यूस्टनच्या ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’मध्ये जाफेने डॉक रीडेनश्नायडर ह्या सुसंस्कृत दरवडेखोराचे काम केले. तुरुंगातून नुकताच सुटलेला, कपड्यांना इस्त्री, तोंडात चिरूट, बोलण्यात जर्मन अदब. जडजवाहिराच्या पेढीवर घालावयाच्या दरोड्याची आखणी तो प्रमेय सोडविल्याप्रमाणे करतो. गणिताचा मास्तर येथे पुरता उपयोगी पडला. ह्या माणसाचे एकच उत्तर चुकते. पळून जात असताना वाटेतल्या उपाहारगृहात एक तरुण मुलगी ग्रामोफोनच्या यंत्रावर नाचते आहे, आणि तिचे नाचणे आणखी थोडे पाहावे म्हणून तो पैसे देऊन थांबतो. पोलीस येतात. तुम्ही केव्हापासून बाहेर उभे आहात, असे तो त्यांना विचारतो. दोन-तीन मिनिटे. म्हणजे एक तबकडी वाजावयास लागतो तेवढाच वेळ, असा हिशेब तो मनाशी मांडतो आणि निमूटपणे त्यांच्याबरोबर जातो. चेहऱ्यावर पश्चात्ताप नाही, संताप नाही. बेरीज जुळल्याचे किंचित समाधान मात्र आहे. दुय्यम भूमिकेसाठी अकादमी पारितोषिकाचे नामांकन त्याला मिळाले, आणि व्हेनिसच्या महोत्सवात तर उत्कृष्ट नटाचा व्होल्पी चषकच त्याने जिंकला.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘रेड चॅनल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या धंद्यातील १५१ माणसांची नावे त्यात साम्यवादाशी लागेबांधे असल्याच्या संशयावरून छापली होती. सॅम जाफेचे नाव त्यात होते. खटला नाही, पुरावा नाही, शिक्षाही नाही; केवळ काम मिळेनासे झाले. आपल्याकडे गावाने एखाद्याला वाळीत टाकले म्हणजे निदान पंच समोर बसलेले असतात. येथे कोणीच समोर नव्हते.

‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ (१९५१) हा बोलपट त्याच्या हाती राहिला तो निर्माता ज्यूलियन ब्लॉस्टीनच्या आग्रहामुळे व स्टुडिओचा प्रमुख डॅरिल झॅनक ह्याने मान्यता दिल्यामुळे. त्यात जाफे प्रोफेसर बार्नहार्ट आहे: आइन्स्टाइनची आठवण करून देणारे पिंजारलेले केस आणि खोलीत एक मोठा काळा फळा. परग्रहावरून आलेला पाहुणा प्रोफेसरच्या गैरहजेरीत फळ्यावरचे अडलेले गणित दुरुस्त करून जातो. पुढे तो पाहुणा समोर येतो तेव्हा प्रोफेसरला भय वाटत नाही, मानभंगही वाटत नाही. त्याला त्या गणिताची पुढली पायरी हवी असते. आम्ही पाहिलेल्या चित्रपटांत विद्वानाचा आनंद इतक्या साधेपणाने क्वचितच उमटला आहे. त्यानंतर मात्र हॉलिवुडची दारे बंद झाली, आणि ती १९५८ पर्यंत उघडली नाहीत. मधल्या काळात क्लूझो ह्या फ्रेंच दिग्दर्शकाने त्याला ‘ले झेस्पियॉं’ (१९५७) मध्ये घेतले. ज्या माणसाने पूर्वी पडद्यावर गणवेश घालून सलाम ठोकला होता, त्याला त्याच्याच देशाने रांगेतून बाहेर काढले होते.

१९५९ साली विल्यम वायलरने त्याला ‘बेन हर’मध्ये सिमोनिडीसची भूमिका दिली. हीच ती ‘पुढली भूमिका’. भव्य रथशर्यतीच्या गाजावाजात ती कोणाच्या फारशी ध्यानात राहिली नाही. परंतु आमच्या मते ‘गंगा दीन’चे उत्तर तेथे आहे, आणि ते त्याच नटाने दिले आहे. सिमोनिडीस हाही एकनिष्ठ चाकर. हर घराण्याचा कारभारी, कायद्याने त्यांचा दास. धन्याचे घर रोमन सत्तेने उद्ध्वस्त केले. ठेव्यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी ह्याला यातना देऊन पायांनी अधू केले. ह्याने तोंड उघडले नाही. तुरुंगात जीभ गमावलेला मल्लूख त्याला उचलून नेतो. तो माझे पाय, मी त्याची जीभ, दोघे मिळून एक पुरता माणूस, असे तो सांगतो, तेव्हा जाफेच्या स्वरात एक कोरडा विनोद आहे, आणि त्या विनोदाखाली जळते निखारे.

दोन्ही चाकर, दोन्ही निष्ठावंत, दोन्ही साम्राज्याच्या वाटेत सापडलेले. गंगा दीनची निष्ठा साम्राज्याला वाहिलेली, म्हणून त्याचे शरीर छिन्नविच्छिन्न झाले तरी चेहरा हसतो. सिमोनिडीसची निष्ठा साम्राज्याने मोडलेल्या घराशी आहे, म्हणून त्याला स्मरण आहे, कडवटपणा आहे, द्वेषही आहे. पाणक्याला भूतकाळच नव्हता. त्याचे गाव कोणते, घरी कोण, देव्हाऱ्यात कोणता देव, हे चित्रपटाला ठाऊक नव्हते व जाणून घ्यावयाचेही नव्हते. सिमोनिडीसला घर आहे, मुलगी आहे, देव आहे. नट तोच. एका ठिकाणी लेखकाने त्याला अर्धा माणूस दिला व त्याने तो पुरा करून दाखविला. दुसऱ्या ठिकाणी पुरा दिला, आणि त्याला फारसे काही करावे लागले नाही. मधली वर्षे त्याच्या चेहऱ्यावर उतरलेलीच होती.

दूरचित्रवाणीने त्याला घरोघर पोचविले. ‘बेन केसी’ ही रुग्णालयाची मालिका १९६१ साली एबीसीवर सुरू झाली व १९६६ पर्यंत चालली. जाफेने त्यातील वयोवृद्ध शल्यविशारद डॉ. झोर्बा १९६५ पर्यंत केला. त्याची पत्नी बेटी अ‍ॅकरमन हीही त्यात डॉक्टरच होती. प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी एक हात काळ्या फळ्यावर खडूने चिन्हे काढतो आणि जाफेचा आवाज ती उच्चारतो: पुरुष, स्त्री, जन्म, मृत्यू, अनंत. पुन्हा फळा, पुन्हा खडू. तथापि खरे सांगावयाचे तर झोर्बा ही त्याची उत्तम भूमिका नव्हे. दर आठवड्याला तरुण शल्यविशारदाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगावयाच्या, कधी रागवावयाचे, कधी पाठ थोपटावयाची. अशाने शहाणपणाची मुद्रा बनते, आणि केसांचा झुबका हीच ओळख होऊन बसते. मुद्रा झालेला अभिनय पैसा देतो, कीर्तीही देतो. सत्तरी ओलांडलेल्या, सात वर्षे वाळीत काढलेल्या नटाने तो पैसा घेतला, ह्यात दोष काढणे आम्हांला साधणार नाही.

दूरचित्रवाणीवरचे त्याचे खरे बळ एका बैठकीपुरत्या कामांत दिसते. ‘नाइट गॅलरी’च्या १९६९ मधील पहिल्या चित्रपटात एक नाझी गुन्हेगार दक्षिण अमेरिकेत लपून राहिला आहे, आणि छळछावणीतून वाचलेला ब्लूम नावाचा म्हातारा त्याला चित्रसंग्रहालयात ओळखतो. जाफेला फारसे संवाद नाहीत. तो नुसता पाहतो. १९७५ साली ‘कोलंबो’ मालिकेत तो जुन्या नटीचा आजारी, श्रीमंत पती झाला. पुन्हा रंगभूमीवर जाण्यासाठी तिला पैसा हवा असतो, आणि हा तो देत नाही. का देत नाही, हे त्या प्रेमळ व दमलेल्या चेहऱ्याने आधीच सांगितलेले असते, आपल्याला ते शेवटी कळते. काही मिनिटांत तो मरतो. सबंध कथा पुढे त्याच्या नकारावर उभी राहते.

२४ मार्च १९८४ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी सॅम जाफे वारला. दोनच महिन्यांनी ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ झळकला. तेच काली-मंदिर, तेच ठग, तेच नरबळी. चित्रीकरणाला भारत सरकारकडून परवानगी न मिळाल्याने मंडळी श्रीलंकेत गेली होती. खलपुरुषाचे काम ह्या वेळी आपल्याच अमरीश पुरी ह्यांनी केले, आणि ते दणदणीत केले. आम्ही तो चित्रपट पाहिला. राग आला, कंटाळाही आला, आणि घरी येईपर्यंत दोन्ही ओसरले. डोळ्यांत पाणी मात्र एकदाही आले नाही. त्या चित्रपटात पाणक्या नव्हता.